फाईल कॉम्प्युटरमध्येच होती, पैसे मात्र गेले

सांगलीत आमच्या पतसंस्थेत सप्टेंबर म्हणजे अहवालाची धांदल. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदा लेखापाल मॅडमनी ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, चेअरमनसाहेबांचं मनोगत असा सगळा मजकूर वर्डमध्ये जुळवत आणला होता. छापखान्याचा तगादा चालू असतानाच कॉम्प्युटर अडकला. बंद करून पुन्हा लावला तर फाईल सकाळी होती तशी. दिवसभराचं काम गायब.

मोबाईलवर शोधल्यावर सगळ्यात वर एक नंबर आला. ती पुष्कळदा पैसे देऊन वर आणलेली जाहिरात असते, खात्रीचा नंबर नव्हे. पलीकडचा माणूस अदबीनं बोलला, आपण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधले आहोत असं त्यानं सांगितलं आणि दुरून स्क्रीन चालवायचं ॲप घ्यायला लावलं. मग आमच्या डोळ्यांदेखत फाईल उघडून पहिलं पान दाखवलं, लगेच बंद केलं आणि अठराशे रुपये मागितले. ते दिले. मग ‘लायसन्स’चे आणखी ४,२०० हवेत म्हणाला. आम्ही नाही म्हटल्यावर, आधीचे परत करतो, मोबाईलवर यूपीआय पिन टाका, असं सुरू झालं. पैसे आपल्या खात्यात यायला पिन कधीच लागत नाही. तिथेच मॅडमनी इंटरनेटची वायर काढली.

मला सगळ्यात जास्त चीड याची आहे की सभासदांच्या ठेवींचे तक्ते त्याच कॉम्प्युटरवर होते. लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती एका भामट्यासमोर उघडी पडली.

त्यानं केलं काय, ते मॅडमनी नीट पाहून ठेवलं होतं. वर्ड मूळ सेटिंगनुसार दर १० मिनिटांनी चालू कामाची एक प्रत आपोआप ठेवतं. तिच्या नावाच्या शेवटी ‘.एएसडी’ असतं. ‘फाईल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ इथे गेलं की ती कुठल्या फोल्डरमध्ये जाते ते दिसतं. त्यानं तिथलीच प्रत उघडून दाखवली आणि नाव बदलून ‘डाउनलोड्स’मध्ये हलवली, म्हणजे आम्हाला सापडू नये. सी ड्राइव्हवर नावाच्या शेवटच्या ‘asd’ या तीन इंग्रजी अक्षरांनी शोध घेतल्यावर ती मिळाली. शेवटचा एक परिच्छेद सोडला तर सगळं जागेवर होतं.

एकदाही सेव्ह न केलेली फाईल असेल तर ‘फाईल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज डॉक्युमेंट’ या वाटेनं ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’ उघडा. या प्रती साधारण चार दिवसच राहतात, म्हणून उशीर नको. सापडली की आधी पेनड्राइव्हवर कॉपी करा, मग उघडून नव्या नावानं सेव्ह करा. या कशालाही पैसे पडत नाहीत. स्वतःला जमत नसेल तर ओळखीच्या माणसाला समोर बसवून करून घ्या.

असं कुणी फसवलंच तर आधी नेट तोडा, ते ॲप काढून टाका आणि दुसऱ्या मशीनवरून ईमेलचे, बँकेचे पासवर्ड बदला. मग १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि आपल्या बँकेला ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोचली तरच ते अडवता येण्याची शक्यता असते. आम्ही त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी संचालक मंडळाला लेखी कळवलं. अठराशे रुपये अजून आलेले नाहीत.