बागेतली माती की अ‍ॅक्वासॉइल?

प्लांटेड टँकला, म्हणजे जिवंत रोपं लावलेल्या माशांच्या टाकीला, मी दोन्ही वापरलंय: बागेतली माती आणि अ‍ॅक्वासॉइल, म्हणजे अशा टाकीसाठी विकत मिळणारी तयार माती. साधी माती खत न घातलेली घ्या, चाळून इंचभर थर द्या आणि वर इंचभर वाळू, नाहीतर झाड उपटलं की सगळा चिखल वर येतो, आणि थर जाड झाला तर खाली हवा पोचत नाही, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. पण व्हॅलिसनेरिया (लांब पात्यांची पाणवनस्पती) काय पसरते त्यात, आणि खर्च जवळपास नाहीच!

अ‍ॅक्वासॉइल महाग, पण दाणेदार, वाळू लागत नाही, रोपं हवी तेव्हा हलवा. पीएच थोडा खाली आणतं, बोअरच्या जड पाण्यात मात्र तो गुण लवकर संपतो.

सुरुवातीला दोन्हींतून अमोनिया सुटू शकतो, टेस्ट शून्य येईपर्यंत मासे सोडू नका प्लीज. रोपं सारखी हलवणार नसाल तर मी मातीच सांगेन.