जैसलमेरजवळच्या सम गावी वाळूत टेंट बुक करताय? माझे ४३,४९८ रुपये गेले, तुमचे सांभाळा

रक्कम आधीच सांगतो, कारण लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. ४३,४९८ रुपये. त्यातले ३३,४९९ माझे आणि ९,९९९ आमच्या अक्कलकोटच्या साडूंचे. साडूंचे मी लगेच रोख नेऊन दिले, त्यामुळे आता सगळेच माझे.

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली होती. शनिवार-रविवार जोडून, मागेपुढे एकेक रजा टाकली की जैसलमेर होतं. आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपलेली असते, आणि मी ज्या गणवेशाच्या कारखान्यात हिशेब बघतो तिथे फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मान वर करायला सवड नसते. म्हणजे जायचं तर तेव्हाच. आम्ही चौघं, साडूंकडचे चौघं. बुकिंगचं काम माझ्याकडे आलं, कारण ‘हिशेबातलं यांना कळतं’. हे वाक्य आता घरात कोणी उच्चारत नाही.

कॅम्प खरा आहे, हे आधी लक्षात घ्या. समच्या रस्त्यावर तो आहे, त्याचं नाव खरं, फोटो खरे. खोटा होता तो फक्त फोन नंबर आणि त्या नंबरामागचा माणूस. नेटवर कॅम्पचं नाव टाकलं की वरच जो नंबर दिसायचा तो या भामट्याचा. आता ही पद्धत काय तुम्हाला नवी नाही, मलाही नव्हती. पण नाव खरं, फोटो खरे, बोलणारा ‘खम्मा घणी सर’ म्हणून सुरुवात करतो, मागे ढोलकचा आवाज येतोय. शंका घ्यायची कुठे?

चार स्विस टेंट, दोन रात्री, जेवण, उंटाची फेरी, जीप सफारी आणि रात्री कालबेलिया नाच, सगळं मिळून २३,५००. टोकन ५,००० लगेच. मी विचारलं, स्टेशनपासून कॅम्प किती लांब? म्हणाला, दस मिनट सर. सम जैसलमेर शहरापासून चाळीसेक किलोमीटर आहे, हे मला माहीत होतं. मला वाटलं त्यांचं ऑफिस गावात असेल, तो ऑफिसचं सांगतोय. कोणालाही तसंच वाटलं असतं. तरी सांगून ठेवतो: बुकिंगवाल्याला रस्त्याचे प्रश्न विचारा. वाटेत पेट्रोल पंप कुठे, जवळच्या खुरी गावाकडे जायचं तर कसं. तिथे राहणारा माणूस अडखळत नाही.

आता ते बिल. हे लिहिताना अजून कान तापतात.

२० डिसेंबरच्या संध्याकाळी त्याने पीडीएफ पाठवलं. वर कॅम्पचा लोगो, खाली गोल शिक्का, आणि मध्ये करपात्र रक्कम २०,९८२.१४, आयजीएसटी १२ टक्के २,५१७.८६, एकूण २३,५००. पैशापर्यंत बरोबर. मी बेरीज तपासली! बेरीज तपासली आणि उरलेले १८,५०० पाठवून दिले. आता ज्यांना जीएसटीतलं कळतं त्यांनी ती ओळ पुन्हा वाचा. पहिलं, साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, १२ नाही. दुसरं, हॉटेल असो की कॅम्प, मुक्कामाच्या सेवेचा कर मालमत्ता जिथे आहे तिथला धरतात. राजस्थानातल्या कॅम्पच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे एकाच राज्यातल्या व्यवहाराचा कर लागतो; आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा, लागूच शकत नाही. तिसरं तर शेंबडं पोर सांगेल: जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. आपलं २७, राजस्थानचं ०८. या बिलावर ०६. हरियाणा! कॅम्प जैसलमेरला आणि नोंदणी हरियाणाची.

दिवसभर दुसऱ्यांच्या बिलातल्या अशाच चुका काढून मी माल परत पाठवतो. मग हे कसं सुटलं? तर २० तारीख, थ्रीबी म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न भरायची शेवटची तारीख होती. पोर्टल गोगलगाईसारखं चाललेलं, शेठ डोक्यावर उभे, आणि मोबाइलवर हा ‘सर आज ही कन्फर्म कीजिए, रश बहुत है’. त्या स्थितीत मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर पंधरा अक्षरी नंबर कोण वाचतं? नंतर पोर्टलवर तो नंबर टाकून बघितला, फुकट बघता येतो, लॉगिनसुद्धा लागत नाही. कुठल्यातरी हार्डवेअरवाल्याचा निघाला. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. तुम्ही आधी बघा. ०८ नसेल तर फोन ठेवून द्या.

संक्रांतीनंतर पुन्हा फोन. लाँग वीकेंडला प्रशासनाने सिक्युरिटी डिपॉझिट सक्तीचं केलंय म्हणे, ९,९९९, चेकआउटला परत. भरले. पाच मिनिटांत फोन: सर, तुम्ही रिमार्कमध्ये बुकिंग नंबर लिहिला नाही, सिस्टिमने पैसे अडकवलेत, पुन्हा रिमार्क टाकून भरा, दोन्ही एकदम उलटे येतील. माझ्या खात्यात तेवढे नव्हते. साडू समोरच बसले होते, त्यांनी काढले. यूपीआयच्या पडद्यावर कॅम्पचं नाव नाही, कुठल्या बाईचं नाव आलं. साडूंनी विचारलंही, हे कोण? मी म्हणालो मालकीणबाई असतील. आपल्याकडे निम्म्या दुकानांचे क्यूआर बायकोच्या नावावर असतात की! पण लॉजिंगचा व्यवसाय करणारा चालू खात्यात पैसे घेतो, आणि ‘परत मिळण्यासाठी आधी भरा’ असं कधीच कुठे नसतं. पिन टाकला की पैसे जातात. येण्यासाठी पिन लागत नाही.

मग १४,९९९ मागितले तेव्हा हिने फोन माझ्या हातातून घेतला. कोणीतरी टाकलेल्या जुन्या फोटोत कॅम्पच्या गेटवरची पाटी दिसत होती, ती मोठी करून त्यावरचा नंबर लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, आपका नाम तो यहाँ है ही नहीं साब, और उस वीकेंड का रेट इसका डबल है.

त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला. तिथे तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला. प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, हाताशी ठेवा, नसेल तर शोधाशोधीत वेळ जातो आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात सरकतात. माझे ७,३१० रुपये कुठल्याशा खात्यात होल्ड झाले. बाकीचे गेले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात. तिथली खुर्ची मला मिळाली तोवर जेवणाची वेळ झाली. नंतर एक हवालदारसाहेब पूर्ण ऐकल्यावर म्हणाले, “वाळू बघायला राजस्थान कशाला ओ? सीना नदीच्या पात्रात काय कमी आहे का?” बाजूचे दोघं हसले. मग सुरू झालं हद्दीचं. कॅम्प जैसलमेरचा, खातं हरियाणाचं, सिम आणखी कुठलं, सोलापूरचा संबंध काय? अहो, मी सोलापूरचा, पैसे सोलापुरातून गेले! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठेही घडो, माहिती नोंदवून घ्यायची. हे मी मोबाइलवर उघडून दाखवलं तर, “शिकलेले दिसताय, मग फसलात कसे?” सायबरवाल्यांकडे जा म्हणाले. तिथे गेलो तर रक्कम लहान आहे, तुमच्याच ठाण्यात द्या. फसवणुकीचं कलम चारशेवीसचं ३१८ झालं, कायद्याचं पुस्तक बदललं, टेबलापलीकडचा सूर तोच. शेवटी अर्जाच्या प्रतीवर पोच मिळाली. तीही ‘चौकशीवर’ असं लिहून. पोच घेतल्याशिवाय उठू नका, चहा पाजून पाठवायला बघतात.

बँकेचं तर विचारूच नका. मॅनेजरसाहेब मीटिंगमध्ये, डेप्युटींना फॉर्म सापडेना, सापडला तो एटीएम कार्ड हरवल्याचा. अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर भार नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम मी सांगितला. त्यावर उत्तर, पिन तुम्हीच टाकलाय, हा अधिकृत व्यवहार आहे. म्हणजे चोराने पिन चोरला तर बँक बघेल, चोराने माझ्याकडूनच टाकून घेतला तर मी बघायचं. आणि ज्या खात्यात हे पैसे गेले ते उघडताना केवायसी कोणी केली? त्या बाईचा फोटो, आधार, पॅन कुठल्यातरी शाखेत पडलेलं आहेच ना? त्यावर साहेब म्हणाले, ते दुसऱ्या बँकेचं आहे. लेखी तक्रार दिली आहे. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, मी दिवस मोजतोय.

होल्ड झालेल्या ७,३१० साठी कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वकिलाने फी सांगितली पाच हजार.

तो नंबर नेटवरून काढायला मी, हिने, साडूंच्या मुलाने, सगळ्यांनी तक्रारी टाकल्या. काल बघितलं तर नंबर बदललाय, माणूस तोच. मी दुसऱ्या मोबाइलवरून लावला. खम्मा घणी सर, होळीच्या वीकेंडला चारच टेंट उरलेत म्हणाला. जीएसटी बिल मिळेल का विचारलं तर म्हणाला, पक्का बिल सर.