ब्राव्हेक्टो, गोचिडांवरची गोळी: चिंगीवर दोन वर्षं वापरून

चिंगी आमची देशी कुत्री. वजन 14 किलो, मुक्काम ठाण्यात वर्तकनगर, तळमजला. रोज पहाटे आम्ही येऊरच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत जातो. वाटेतलं गवत आणि भटकी मंडळी, सगळ्यांशी तिची गाठभेट होते. त्यामुळे घरी येताना गोचीड पाहुणे असायचेच.

आधी मी पावडरीवर भागवत होते. मग एका दुकानदाराने 'सहा महिने बिनघोर' म्हणत गोचीड पळवणारा एक पट्टा माझ्या गळ्यात मारला आणि मी तो चिंगीच्या गळ्यात घातला. ऑक्टोबरात तिने चिकन-भाताकडे तोंड फिरवलं. चिकनकडे! ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढुरक्या. पट्ट्याच्या अगदी खाली, कानामागे, भिजलेल्या वाटाण्याएवढा राखाडी गोचीड टम्म फुगून बसलेला. रक्त तपासलं: एर्लिकिया, म्हणजे गोचिडातून होणारा रक्ताचा आजार, आणि प्लेटलेट्स फक्त 38 हजार. "माणसाला डास, तसा यांना गोचीड," डॉक्टर म्हणाले. 28 दिवस डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, तेही भरल्या पोटी. सासूबाई रोज दहीभात भरवत होत्या.

त्यानंतर ही गोळी सुरू केली. आत फ्लुरालानर नावाचं गोचीड मारणारं औषध असतं, एका गोळीवर 12 आठवडे निघतात. जेवणासोबत द्यायची. मानेवर टाकायच्या थेंबांना पुढे-मागे दोन दिवस आंघोळ चालत नाही. जुलैत ठाण्यात कुत्रं कोरडं ठेवून दाखवा! गोळी पोटातून रक्तात जाते, वर पाऊस पडो नाहीतर शाम्पू.

पहिल्या वेळी मात्र मी घाबरले. दुसऱ्या दिवशी अंगावर जास्तच गोचीड दिसले, केसांतून सैरावैरा पळत होते. वाटलं, पैसे पाण्यात. डॉक्टर म्हणाले, औषध मज्जातंतूंवर चढलं की ते असेच बिथरून वर येतात. तिसऱ्या दिवशी चादरीवर मेलेले सापडले.

पण एक समजून घ्या. गोचीड चावून रक्त प्यायला, तरच मरतो. म्हणजे चावणं थांबत नाही आणि आजाराचा धोका शून्यावर येत नाही. फिरून आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली मी आजही हात फिरवते. सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा, पिळायचा नाही. शिवाय मादी अंडी घालते ती भिंतींच्या फटींत, हजारोंनी. आमच्या दाराच्या चौकटीमागची फट सिमेंटने बुजवली, तेव्हा कुठे खरा फरक पडला.

दुकानात "मोठी गोळी घ्या, दोन तुकडे करा, स्वस्त पडेल" असा सल्ला मिळेल. ऐकू नका. गोळी तोडायची नसते, वजनाप्रमाणे घ्यायची. चिंगीला 10 ते 20 किलोवाली. कुत्र्याला फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, या प्रकारच्या औषधांनी काहींना झटके येऊ शकतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो किमतीसाठी. गोळीच्या महिन्यात आमच्याकडे हॉटेल बंद असतं. आणि हो, गिळेपर्यंत समोरून हलू नका. मागच्या खेपेला बाईसाहेबांनी गोळी गालात धरून ठेवली आणि संध्याकाळी ती सासूबाईंच्या चपलेत सापडली.