रंगाखालचं वेल्डिंग

स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि ते फिरतच गेलं. चाकं जागची हलली नाहीत. गाडी उभी होती, वखारीच्या फाटकात, भिंतीला लागून सरळ लावत होतो. पायाशी ‘टक्’ असा बारीक आवाज आला, एवढंच. आदल्या रविवारी खेड शिवापूरहून येताना याच गाडीने कात्रजचा जुना घाट उतरलो होतो. शेजारी मुलगी बसली होती.

गाडी म्हणजे फार्गो पिकअप, १९५६ सालची, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जोडलेली. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुण्यात भवानी पेठेतल्या लाकडाच्या वखारीसाठी जुनीच घेतली होती. हल्ली ती फक्त हौसेला. दोन वर्षं थोडे थोडे पैसे घालून ब्रेक, वायरिंग, पत्रा सगळं करून घेतलं. स्टिअरिंगचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, तेवढा राहिला होता: चार बोटं फिरवावं तेव्हा कुठे चाकाला कळायचं.

मित्राच्या ओळखीने कोंढव्याच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. नाव लिहीत नाही. माणूस गोड बोलणारा, चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. म्हणाला, “शेठ, खेळ काढून काय करता? कॉलमच बदला, हा स्टिअरिंगखालचा दांडा-नळीचा अख्खा जोड. अमेरिकन माल आहे, खालीवर होणारा, आणि धडक बसली तर आत दबणारा. तुमच्या गाडीत स्टिअरिंगपासून खालच्या बॉक्सपर्यंत अख्खा एकच दांडा आहे. समोरून ठोकर बसली तर तो सरळ छातीत.”

आता गंमत अशी की यातलं दांड्याचं सगळं खरं आहे. त्या काळच्या ट्रकांत दांडा आणि स्टिअरिंग बॉक्समधला (चाकं वळवणारी गिअरची पेटी) वर्म, म्हणजे मळसूत्री गिअर, एकसंध असायचा आणि धडकेत तो ड्रायव्हरकडे यायचा. जनरल मोटर्सने १९६७च्या मॉडेलांपासून दबणारा कॉलम आणला, १९६८पासून अमेरिकेत त्याबद्दल नियमच झाले. मी घरी येऊन हे सगळं वाचलं, प्रत्येक गोष्ट बरोबर निघाली आणि माणसावर विश्वास बसला. त्याने न सांगितलेली गोष्ट एकच: माझा खेळ कॉलममध्ये नव्हताच. असा खेळ बहुधा बॉक्समध्ये, चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनमध्ये नाहीतर चाकं जोडणाऱ्या टाय रॉडच्या टोकांत असतो. बॉक्सवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू बघणं आणि एक-दोन बुश बदलणं, एवढ्यात भागलं असतं. दात दुखतोय म्हणून गेलो आणि चष्मा घेऊन आलो.

४६,००० ठरले. ३०,००० आगाऊ, यूपीआयवर. स्क्रीनवर भलतंच नाव आलं. “मेव्हण्याचं खातं आहे, शेठ.” बिल मागितलं तर “पक्कं केलं तर जीएसटी वर पडेल.” मी गप्प बसलो. दोन पैसे वाचतायत म्हणून गप्प बसलो, हे कबूल करतो.

एकसंध दांडा असल्यामुळे नवा कॉलम घालायचा तर जुना कापावाच लागतो. कापायच्या दिवशी मी नव्हतो. तिसऱ्या दिवशी गाडी तयार. काळंभोर पावडर कोटिंग, स्टिअरिंग खालीवर होतंय, सगळं कसं नवंकोरं. जुना दांडा कुठाय विचारलं, तर म्हणाला, “भंगारात दिला. तुमचे ४०० वजा केलेत की.” वरचा कॉलम, त्यावरचं ब्रॅकेट, हॉर्नचं जुनं बटण, सगळं त्या ४०० रुपयांत गेलं.

फाटकातल्या प्रकारानंतर कॉलम उतरवून भोसरीला एका म्हाताऱ्या टर्नरकाकांकडे नेला. त्यांनी काही विचारलंच नाही. व्हाइसमध्ये धरला, कानस घेतली आणि दांड्यावर चार हात मारले. रंग निघाला. खाली एक गोल रेघ, केसाएवढी, आणि तिच्या अर्ध्या भागात गंज. म्हणजे चीर आधीपासून होती, उरलेल्या अर्ध्यावर मी घाट उतरलो होतो. लांबी कमी पडली म्हणून कुठल्यातरी व्हॅनच्या भंगारातल्या दांड्याला शिवणीची साधी नळी जोडली होती, वरवर वेल्डिंग मारून ग्राइंडरने सपाट केलं होतं. काका म्हणाले, “हे पाण्याच्या नळाला चालतं.” वरून कीर्तन, आतून तमाशा.

पुढचं बघून मात्र मला हसूच आलं. त्या व्हॅनच्या कॉलमला आत सरकणारा, दबणारा भाग खरोखरच होता. सैल वाजतो म्हणून पठ्ठ्याने तोही वेल्ड करून बंद केला होता. जी गोष्ट सांगून ४६,००० घेतले, तीच हाताने मारून टाकली.

खाली तीन क्रॉस, म्हणजे दांडा कोनात वळवणारे सांधे, लावले होते आणि मधल्या दांड्याला आधाराचं बेअरिंग कुठेच नाही. दोन क्रॉसपर्यंत ठीक असतं. तिसरा आला की मधला तुकडा टेकूशिवाय लोंबकळतो आणि स्टिअरिंग फिरवताना हेलकावे खातो. एका क्रॉसने ३०-३५ अंशांपेक्षा जास्त वळण घ्यायचं नसतं, नाहीतर तो अडकतो. दोन्ही क्रॉसचे मधल्या दांड्यावरचे दोन बोटांचे फोर्क एका रेषेत असावे लागतात, नाहीतर स्टिअरिंग एका फेऱ्यात कधी हलकं कधी जड लागतं. मला तसं लागत होतं, मी ‘नवीन आहे, बसेल’ म्हणत होतो. बॉक्सच्या बाजूचा ग्रब स्क्रू, सांधा दांड्यावर घट्ट धरणारा बिनडोक्याचा स्क्रू, दांड्याला नुसता टेकवलेला. त्याच्या टोकासाठी दांड्यावर ड्रिलने खळगा करायचा असतो आणि वरून चेकनट आवळायचा असतो. इथे ना खळगा, ना नट.

शेडमध्ये गेलो तर उत्तर तयार होतं. “शेठ, तुम्ही उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवलंत. त्याला कोण काय करणार?” उभ्या गाडीत दांड्यावर सगळ्यात जास्त जोर येतो, हेही खरंच. हा माणूस खोटं बोलतच नाही!

वकील मित्राचा पहिला प्रश्न: बिल कुठंय? ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण माझ्याकडे आहे काय, तर मेव्हण्याच्या नावाची एक यूपीआयची पावती आणि ‘काम झालं शेठ’ असा एक व्हॉट्सअ‍ॅप. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवलीय. तुटलेला तुकडा आणि काकांच्या व्हाइसमधले फोटो जपून ठेवलेत.

कोणी असं काम काढणार असाल तर कॉलम रंगाआधी, उघड्या लोखंडाचा बघायला मागा. वेल्डिंग म्हणजे पाप नव्हे, चांगल्या हाताचं असेल तर क्रॉस वेल्ड करूनही लावतात. पण चांगल्या हाताला ते दाखवायला लाज वाटत नाही. आणि कापायच्या दिवशी तिथे उभे राहा. जुना दांडा गाडीत टाकून घरी आणा, मग नवं काय घालायचं ते घाला. पैसे गेल्याचं दुःख महिन्याभरात ओसरलं. दांड्याचं नाही.

गेले तीन रविवार जुन्या बाजारात फिरतोय, नाना पेठेत दुकानं पालथी घातली, कुदळवाडीतल्या दोन भंगारवाल्यांना फोटो देऊन ठेवलेत. उजव्या हाताच्या ड्राइव्हचा, त्या काळच्या फार्गो किंवा डॉज पिकअपचा स्टिअरिंग बॉक्स, दांड्यासकट हवाय. दोन्ही गाड्या एकच, नुसता बिल्ला वेगळा. कोणाच्या वखारीत, शेतावर, शेडमागे पडला असेल तर कळवा. गंजलेला चालेल. रंगवलेला नको.