मामाचा रेकॉर्ड प्लेअर, तपकीर गल्ली आणि द पोलीस

दुकानाचं नाव देत नाही, कारण काकांनीच बजावलंय, "नेटवर टाकू नका ताई, एकट्याला झेपत नाही." पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शिरा आणि जुने रेकॉर्ड प्लेअर कोण दुरुस्त करतं ते विचारा. मलाही पत्ता दुसऱ्याच दुकानातून मिळाला. दीड माणूस मावेल एवढी जागा. एकच स्टूल, त्यावरही कुणाचा तरी अँप्लिफायर बसलेला.

प्लेअर मामाचा, पंधरा वर्षं माळ्यावर पडलेला. लावला की गायकाला पेंग आल्यासारखं गाणं रेंगाळायचं आणि मागे सतत घूंऽऽ. काकांनी बेल्ट बोटावर उचलून दाखवला. शिळी शेवई लोंबावी तसा लोंबत होता. "बेल्ट गेला, पिन गेली, अर्थिंगची वायर सुटलीय. मोटर ठणठणीत आहे. नवीन घेऊ नका." या शेवटच्या वाक्यावर मी प्लेअर तिथेच सोडून आले.

चार दिवस सांगून अकरा लावले. फोन उचलत नाहीत.

वाजवून बघायला मी द पोलीस या रॉक बँडची पहिली एलपी नेली होती, 1978 ची. मामाचं दैवत. 1980 च्या मार्चमध्ये हा बँड मुंबईत वाजवून गेला, तेव्हा मामा घरी "मुंबईला पोलिसांकडे जातोय" एवढंच सांगून निघाला आणि आजीनं देव पाण्यात ठेवले. त्या एलपीत 'रॉक्सॅन' गाण्याच्या सुरुवातीला पियानोचा एक वेडावाकडा सूर आणि पाठोपाठ हसू येतं. झाकण बंद आहे समजून बँडचा गायक स्टिंग पियानोवर टेकला आणि बसला थेट पट्ट्यांवर! ते तसंच ठेवलंय. ज्या यंत्रावर ते हसू ऐकू येत नाही ते भंगारात द्या, असं मामाचं मत.

काकांनी पिन टेकवली. सूर आला, हसू आलं, घूंऽऽ गायब.

"कोण हे?" काकांनी विचारलं. मग मी सांगितलं. 1977, लंडन, पंक रॉकचा जोर. ड्रमवाला स्टुअर्ट कोपलँड, अमेरिकन. त्यानं न्यूकॅसलमध्ये जॅझ वाजवणारा एक शाळामास्तर हेरला, तो स्टिंग. गिटारला आधी हेन्री पाडोवानी होता. मग अँडी समर्स आला, या दोघांपेक्षा बराच मोठा, आणि काही दिवसांत पाडोवानी बाहेर. तिघांचे पिवळे केस फॅशनचे नव्हेत, च्युइंगमच्या जाहिरातीसाठी रंगवलेले, पैसे नव्हते. स्टुअर्टच्या भावाकडून, माइल्सकडून, 1500 पौंड उसने घेतले आणि ही एलपी केली. दुसऱ्या कुणाचं रेकॉर्डिंग रद्द झालं की स्टुडिओत घुसायचं. सहा महिने लागले.

"बघा," काका म्हणाले, "चांगलं काम मधल्या वेळातच होतं." अकरा दिवसांचा हिशेब त्यांनी असा मिटवला.

गाणं वेश्येला उद्देशून आहे, हे मी सांगितलं नाही. बीबीसीनं त्यापायीच ते फारसं वाजवलं नव्हतं. आम्ही ते बुधवारात बसून ऐकत होतो, तिथून दोन गल्ल्या पलीकडे काय आहे ते पुणेकरांना सांगायला नको. हे गाणं पहिल्यांदा आलं तेव्हा आपटलं. पुढच्या वर्षी पुन्हा काढलं तेव्हा ब्रिटनमध्ये बाराव्या नंबरापर्यंत गेलं. 1979 च्या सप्टेंबरात दुसरं एक गाणं थेट पहिल्या नंबरावर, आणि सहा महिन्यांत बँड मामाच्या मुंबईत.

काका मात्र ड्रमकडे कान लावून होते. "हा गडी जिथं ठोका हवा तिथं देतच नाही." रेगे या जमैकाच्या संगीतातली खुबी इतक्या थोडक्यात मी तरी ऐकली नव्हती. झांजेची बारीक टिकटिक सुटी सुटी ऐकू आली तर पिन चांगली, हेही त्यांनीच शिकवलं. माझ्या घरच्या स्पीकरवरही ती तशीच येते.

बेल्ट, पिन, मजुरी धरून 2150 रुपये. पावती नाही, जुने भाग मात्र पुडीत बांधून परत दिले. झाकणाची बिजागरी तुटलेली होती, ती तशीच राहिली. "पुढच्या आठवड्यात या," म्हणाले. म्हणजे दिवाळीनंतर.