सीजीएचएस (केंद्र सरकारच्या कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) ठेवायचं की वय वंदना कार्ड (सत्तर आणि त्यापुढच्यांसाठी आयुष्मान भारतचं कार्ड) काढायचं?
काका, दोन्ही एकत्र चालत नाहीत, एकच निवडावं लागतं. वय वंदना फुकट, सीजीएचएसला मात्र वर्गणी, पगाराच्या लेव्हल 6 ला महिना 450 रुपये, दहा वर्षांचे 54,000 एकदम भरले की आयुष्यभराचं कार्ड. पण वय वंदनात फक्त अ‍ॅडमिट झाल्यावरचा खर्च, तोही वर्षाला 5 लाखांपर्यंत, आणि काकू 66 च्या म्हणजे त्या बसतच नाहीत. तुमच्या डब्यातल्या बीपी-शुगरच्या गोळ्या सीजीएचएसच्या दवाखान्यातूनच येतात ना, त्याचा हिशोब आधी करा! नोंदणी वय वंदनाची सोपी, आधार आणि आयुष्मान अ‍ॅप, माझ्या आईचा अंगठा उमटेना तर ओटीपीवर झालं. तुम्ही सीजीएचएसच ठेवा. ज्यांना असं काहीच नाही त्यांनी सत्तरी झाली की वय वंदना लगेच काढा, जुने आजारही पहिल्या दिवसापासून कव्हर आहेत.