अ‍ॅक्सेसटूमार्केट्स: साइट कोरडी, पण कामाची

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटं युनिट आहे. स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट, थोडं टर्निंगचं काम. मशीनं भाऊजी बघतात, कागदपत्रं माझ्याकडे. गिऱ्हाईक बहुतेक गुजरातमधलंच, एक मात्र इटलीतलं. तेही आमच्यासारखंच घरचं दुकान: वडील, मुलगी आणि मोजकी माणसं.

युरोपीय आयोगाची ही साइट 2020 साली सुरू झाली, ती मुख्यतः त्यांच्या लहान-मध्यम उद्योगांसाठी. (तिकडे 250 पेक्षा कमी कामगार असले की मध्यम! त्या मापाने आमची अर्धी जीआयडीसी सूक्ष्मात जाईल.) पैसे लागत नाहीत. ‘माय ट्रेड असिस्टंट’मध्ये भारत, इटली आणि एचएस कोड (कस्टम्समध्ये मालाला असतो तो क्रमांक; नट-बोल्टचा 7318) टाकला की ड्युटी, तिथला 22 टक्के व्हॅट, लागणारी कागदपत्रं, सगळं समोर येतं. आधी यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी सीएचएला (कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटला) फोन करायचे आणि ते ‘बघून सांगतो बेन’ म्हणायचे. मालाचं नाव टाकून शोधत बसू नका, कोडच टाका.

माझे चार स्टार मात्र सीबॅमसाठी. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत अशा आयात मालावरचा हा युरोपचा कार्बन हिशेब 1 जानेवारी 2026 पासून खऱ्या अर्थाने लागू झाला. नट-बोल्टही त्यात येतात. इटलीहून एक अजस्र एक्सेल आली: पोलाद कुठल्या भट्टीतलं, वीज किती, उत्सर्जन किती. आम्ही सळ्या व्यापाऱ्याकडून घेतो, भट्टी कुठून सांगणार? या साइटवरून आयोगाच्या कस्टम्सच्या पानावर गेले. तिथे स्पष्ट लिहिलंय की वर्षाला 50 टनांपर्यंत असा माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे. हे 50 टन आयातदाराचे, सगळ्या पुरवठादारांचे मिळून, एकट्या आपल्या मालाचे नव्हेत. मी त्या मुलीला तिचा वर्षाचा आकडा विचारला. ती मर्यादेच्या बरीच आत निघाली. तिच्या सल्लागाराने ती एक्सेल सरसकट सगळ्यांना धाडली होती. लहान धंद्याची ही रड तिकडेही तीच: नियम समजून घ्यायला माणूस ठेवणं परवडत नाही, मग सल्लागार म्हणेल ती पूर्व दिशा.

उशिरा येणाऱ्या पैशांबद्दल मात्र इथे शोधू नका, त्यासाठी ‘युवर युरोप’ ही दुसरी साइट आहे. पैसे चुकवायला कंपन्यांमध्ये 60 दिवस (लेखी ठरवलं तर जास्तही), सरकारी खात्यांना 30, उशीर झाला तर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरात किमान 8 टक्के मिळवून व्याज आणि वर निदान 40 युरो. आपल्याकडे 45 दिवस आणि बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, लहान-मध्यम उद्योगांचा कायदा 2006 चा. वाचायला दोन्ही छान. मोठ्या गिऱ्हाइकाकडे व्याज मागून पुढची ऑर्डर घालवणारा लहान कारखानदार मी तरी इथे पाहिलेला नाही, आणि ती मुलगीही मागत नाही. तिचं मोठं गिऱ्हाईक तिला थांबवतं, ती मला.

एक स्टार कापला तो भाषेसाठी. इंग्रजीतही पानं सरकारी परिपत्रकासारखी आहेत, भाऊजी दोन मिनिटांत उठून गेले. शिवाय नवं गिऱ्हाईक ही साइट मिळवून देत नाही.

इटलीला नवं कोटेशन गेलंय, यावेळी 30 टक्के अ‍ॅडव्हान्सच्या अटीवर.